नळाचे पाणी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आजच्या समारंभाला एखादा विद्वान वक्ता बोलवावयाचा सोडून आपण नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरला बोलावलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. माझे सारे आयुष्य पाइप, व्हॉल्व्ह आणि पंप यांच्या संगतीत गेले. तेव्हा मी त्याच विषयावर बोलणार आहे. तो विषय दिसतो तितका रुक्ष नाही, हे आपल्या लक्षात येईल.

प्रथम माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. मी नोकरीत नवा होतो. एके दिवशी एका मोहल्ल्यातील वृद्ध खाला कचेरीत आल्या व म्हणाल्या, "बेटा, दोन दिवस झाले, नळाच्या पाण्याला वास येतोय." मी कामात होतो. मी म्हणालो, "खाला, लेखी अर्ज द्या, मग पाहतो." त्या काही न बोलता परत गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. काही आठवड्यांनी त्या गल्लीत घरागणिक कावीळ सुरू झाली. गटारीतून गेलेला घरगुती नळजोडणीचा एक पाइप गंजून फुटला होता. तो बदलण्यास आम्हाला अर्धा दिवस लागला. पण त्या वर्षी त्या गल्लीतला एक हुशार मुलगा अंथरुणाला खिळल्यामुळे दहावीच्या परीक्षेस बसू शकला नाही. त्याच्या वडिलांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

असे का घडते, ते समजून घेऊ. लहान शहरांत पाणी चोवीस तास नसते. ते तास-दोन तास येते आणि जाते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो आणि फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की दाब उतरतो आणि त्याच जागेतून गटारीचे पाणी आत शिरते. नळाला थेट विजेची मोटार लावून पाणी खेचले तरी हेच होते. म्हणजे मोटार लावणारा शेजाऱ्याचे पाणी तर पळवतोच, शिवाय सर्वांच्या घरी गटार पोहोचवतो. म्हणूनच शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ झाले तेवढ्याने भागत नाही. शेवटच्या घराच्या नळापर्यंत क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, असे त्याचे प्रमाण आहे. त्यासाठी ओ.टी. चाचणी असते. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. नववीतला विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ही चाचणी सहज करू शकेल.

आता थोडे गणित. तीस हजार वस्तीचे शहर घ्या. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ४० लाख ५० हजार लिटर पाणी लागते. हे पाणी नदीवरून ६० मीटर उंचीवरच्या टाकीत चढवावयाचे आणि पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरावयाची, तर रोज सुमारे ११०० युनिट वीज जळते. यातले चौथाई पाणी वाटेत गळाले, तर वर्षाला एक लाख युनिट वीज जमिनीत मुरली असे समजा. तोटी नसलेल्या सार्वजनिक नळाखाली पंधरा लिटरची बादली तीन मिनिटांत भरत असेल, तर दोन तासांत तेथे सहाशे लिटर पाणी वाहून जाते. हा खर्च पाणीपट्टीतूनच भागवावयाचा असतो. आपण पाणीपट्टी थकवतो, वीजबिल थकते, दुरुस्ती मागे पडते, पाणी खराब येते. आणि पाणी खराब येते म्हणून आपण पुन्हा पट्टी थकवतो. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे.

आपल्या इतिहासातही याचा धडा आहे. मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहर आणली. तिला पंप नव्हता, वीज नव्हती. पाणी उतारानेच वाहत असे. अशा नहरीलाही गाळ काढणारे आणि सांधे बुजवणारे हात लागतातच. नहर बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, गाळ काढणाऱ्याचे राहत नाही. पण लोकांना रोज पाणी मिळते ते या दुसऱ्या माणसामुळे.

दुसरा धडा महाडचा. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. सार्वजनिक पाणी म्हणजे सर्वांचे पाणी. ते एका मोहल्ल्याचे वा एका जमातीचे नसते. खालच्या आळीत पाणी पोहोचत नसेल तर वरच्या आळीने त्याची तक्रार करावी, हे खरे नागरिकत्व.

आज कायदा आपल्या बाजूस आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी अठरा विषय दिले आहेत. त्यांत पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता, दिवाबत्ती इतकेच नव्हे, तर दफनभूमीसुद्धा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये कोणीही नागरिक अंदाजपत्रक, कामाचा आराखडा वा पाणी तपासणीचा अहवाल मागू शकतो, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपण मात्र निवडणुकीला हिरिरीने जातो आणि नंतर पाच वर्षे केवळ कुरकुर करतो.

पालकांना माझी विनंती अशी. मुलगा डॉक्टर झाला नाही म्हणून खंतावू नका. आय.टी.आय.मध्ये प्लंबर, फिटर, वायरमन यांचे अभ्यासक्रम आहेत. तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका आहे. मुलींनाही तेथे पाठवा. ज्या हातांनी शहराचे पाणी चालते ते हात कोणत्याही पदवीधराइतकेच मानाचे आहेत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे. आपल्या गल्लीत ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज तुम्ही लिहा. कोणत्या घरासमोर, कोणत्या तारखेपासून, पाण्याला वास आहे की रंग, हे स्पष्ट लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि आठ दिवसांनी पुन्हा चौकशीस जा. त्या दिवशी त्या खालांबरोबर तुमच्यासारखा एखादा मुलगा असता, तर माझी ती सबब चालली नसती आणि कदाचित तो पाइप वेळेवर बदलला गेला असता. शाळेत मिळालेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.