चिमूटभर मातीची साक्ष

परसबागेच्या मातींत शिसें, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातु आहेत कीं नाहींत, हें डोळ्यांना दिसत नाहीं आणि नाकालाही कळत नाहीं. तें प्रयोगशाळेंतील यंत्र सांगतें, अशी सुशिक्षितांची समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. यंत्र आपल्यापुढें ठेवलेल्या पदार्थाचीच मोजदाद करतें. तेथवर पोंचेपर्यंत मातीचें जें कांहीं होतें, त्यांतच परीक्षेचा खरेखोटेपणा बहुतांशीं ठरून गेलेला असतो.

एक एकर जमिनीचा वरचा सहा-सात इंचांचा थर सुमारें ९ लाख किलोग्रॅम भरतो. शेवटीं अम्लांत घातली जाते ती माती मात्र बहुधा अर्धा-एक ग्रॅम! एवढ्याशा चिमटीनें साऱ्या शेताच्या वतीनें साक्ष द्यावयाची असते. म्हणून पंधरा-वीस ठिकाणची माती थोडथोडी घेऊन एकत्र करितात. तिचा ढीग सपाट करून चार भाग पाडितात, समोरासमोरचे दोन ठेवून उरलेले टाकितात, आणि पुरेशी थोडी माती उरेपर्यंत हाच क्रम चालवितात. मात्र जुन्या भिंतीचा शिसेयुक्त रंग जेथें गळून पडतो, तो कोपरा वेगळाच तपासावा लागतो. तेथली माती साऱ्या बागेच्या मातींत मिसळली तर सरासरी निर्दोष दिसते, आणि मूल खेळतें तें नेमकें त्या कोपऱ्यांत.

माती पसरून, धूळ येणार नाहीं अशा खोलींत सावकाश वाळवितात. घाईनें भट्टींत तापविल्यास पारा उडून जातो. म्हणून त्याची परीक्षा करावयाची असल्यास उष्णता सुमारें ४० अंशांवर जाऊं देत नाहींत. मग खडे व मुळ्या वेचून, ढेकळें फोडून, माती २ मिलिमीटरच्या चाळणींतून काढावयाची. चोर शिरतो तो येथें! पितळेच्या चाळणींतून तांबें व जस्त मातींत उतरतें. पोलादी चक्कींतून क्रोमियम आणि निकेल. कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक कळकतें, हें ज्या गृहिणीस ठाऊक आहे, तिला यांत नवल वाटणार नाहीं. म्हणून चाळणी नायलॉनची आणि खल अकीकाचा. त्या खलांत माती पिठासारखी बारीक करितात. नाहींतर रंगाचा एखादा कपटा चिमटींत आला किंवा न आला, एवढ्यावर निकाल फिरावयाचा.

ही सावधगिरी अतिरेकी वाटत असेल, तर क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाची हकीकत पाहावी. १९४८ सालीं शिकागो येथें त्यानें खनिजांतील अत्यल्प शिसें मोजण्यास आरंभ केला, तों आंकडे अपेक्षेहून कितीतरी अधिक येऊं लागले. शिसें खनिजाचें नव्हतें. हवेंतून, भांड्यांतून, अम्लांतून, किंबहुना काम करणाऱ्याच्या केसांतून तें येत होतें. पुढें पॅसाडेना येथें त्यानें धूळ येऊं न देणारी खास प्रयोगशाळा उभारली. १९५६ सालीं त्यानें पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटी वर्षें असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि १९६५ सालीं हवेंतील व अन्नांतील शिशास माणूसच कारण असल्याचें मांडलें. तें शिसें बरेंचसें मोटारींच्या पेट्रोलांतून येई. भारतांत तसें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. पण जुन्या रस्त्यांकडेच्या मातीनें तें शिसें अद्याप धरून ठेविलें आहे.

तेव्हां भांडीं आदल्या रात्रींच सौम्य नत्राम्लांत बुडवून ठेवितात. नंतर माती अम्लराजांत तापवितात. तीन भाग हायड्रोक्लोरिक अम्ल व एक भाग नत्राम्ल यांचें हें मिश्रण सोनेंही विरघळवितें. वाळूच्या कणांत कोंडलेला धातु मात्र पुरता सोडवीत नाहीं. त्यासाठीं हायड्रोफ्लोरिक अम्ल लागतें, आणि तें कांच खातें म्हणून भांडें टेफ्लॉनचें घ्यावें लागतें. यास्तव कोणतें अम्ल वापरलें, हें न सांगणारा अहवाल अपुराच समजावा.

सर्वांत महत्त्वाचें भांडें तें, ज्यांत मातीच नसते. त्यांत तींच अम्लें, तितकीच उष्णता, तेवढाच वेळ. शेजारीं प्रमाण आधींच ठाऊक असलेल्या मातीचें दुसरें भांडें असतें. या दुसऱ्याचा आंकडा चुकला, किंवा कोऱ्या भांड्यांत शिसें निघालें, तर अहवालाची वाट पाहणारा दारांत उभा असला तरी त्या खेपेचे सगळे आंकडे बाजूस ठेवावयाचे, दोष शोधावयाचा, आणि राखून ठेवलेल्या मातीपासून पुन्हां आरंभ करावयाचा.