अठ्ठ्याहत्तरावी सोंगटी



बुद्धिबळात संगणकाने १९९७ सालीच कास्पारोव्हला नमविले होते. परंतु ‘गो’ या प्राचीन चिनी खेळाचा पट ३६१ छेदबिंदूंचा. तेथे निव्वळ गणित चालणार नाही, अशी जाणकारांची समजूत होती. मार्च २०१६ मध्ये सेऊल येथे ‘अल्फागो’ने ती मोडली. समोर होता कोरियाचा दिग्गज ली सेडॉल. दुसऱ्या डावातील यंत्राची सदतिसावी सोंगटी पाहून समालोचकांना प्रथम ती चूकच वाटली. मानवी खेळाडू तेथे खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा खुद्द यंत्राचाच हिशेब होता. आणि तरीही ते तेथेच खेळले! हजारो मानवी डावांवर पोसलेले ते यंत्र पुढे स्वतःशीच खेळून घडले होते.

तीन डाव गेले, मालिका गेली. तरीही १३ मार्चला ली पुन्हा पटाशी बसला. मला या प्रसंगाचे मोल इतर साऱ्यांहून अधिक वाटते. त्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या सोंगटीने यंत्र गोंधळले आणि त्याने डाव जिंकला. पाचवा मात्र तो हरला.

२०१७ मध्ये एकही मानवी डाव न अभ्यासता घडलेल्या नव्या आवृत्तीने या अल्फागोला शंभरपैकी शंभर डावांत हरविले. यंत्र आता अजिंक्य आहे, असे सांगून २०१९ मध्ये ली निवृत्त झाला. अधिकृत सामन्यात अल्फागोला एकट्याने हरविणारा माणूस तोच.