बऱ्या झालेल्या सैनिकाचा कामाचा हक्क



गोळीने जायबंदी झालेला जवान गावी परतला की त्याचा सत्कार होतो. मनाच्या विकारामुळे सैन्यातून मुक्त केलेला जवान मात्र तोंड चुकवीत घरी येतो. सेवेत झालेल्या जखमा दोन्ही, मान एकीलाच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंह खटल्यात सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतूनच जडला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार शासनावर. या निर्णयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाचा मार्ग सुकर झाला. परंतु तिशीतला माणूस बरा झाल्यावर केवळ निवृत्तिवेतन मागत नाही. तो काम मागतो.

नोकरीत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढू नये, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, असे १९९५च्या कायद्याने ठरविले. २००२ साली अधिसूचनेद्वारे लढाऊ सैनिकांना त्या संरक्षणातून वगळण्यात आले. २०१६च्या नव्या कायद्यातही अशी सूट देण्याची मुभा आहेच.

बऱ्या झालेल्या प्रत्येकाच्या हाती पुन्हा बंदूक द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. ती जोखीम त्याच्या सोबत्यांचीही असते. पण भांडारे, कार्यशाळा, कचेऱ्या सैन्यातही आहेत. स्वतंत्र वैद्यकीय मंडळाकडून फेरतपासणी आणि पात्र ठरल्यास अशा कामावर पुनर्नियुक्ती, हा त्याचा हक्क असला पाहिजे. धडधाकट तरुण घ्यावा आणि शिक्का मारून परत पाठवावा, हा न्याय नव्हे. आपापल्या तालुक्यातील अशा जवानांना भेटा. ही मागणी त्यांच्यासह मांडा.