हाताची कला आणि हाताचें मोल

(विक्रोळी येथें कामगार वस्तींतील सभेंत केलेलें भाषण)



मी खेड्यांतला शाळामास्तर. तुमच्यांत लोहार, सुतार, कुंभार, कोष्टी आहेत. बहुतेकांचें मूळ शेतांत आहे. हत्यार कसें धरावें हें मी तुम्हांला काय शिकविणार? पण ज्या हाताला आपल्याकडे अडाणी म्हणून हिणवितात, त्याच हाताच्या मानासाठीं विलायतेंत एक चळवळ झाली. तिची हकीकत सांगतों.

लंडनला १८५१ सालीं जगांतील मालाचें मोठें प्रदर्शन भरलें. यंत्रावर काढलेल्या मालाला नक्षी पुष्कळ होती, पण ढंग नव्हता. शेजारीं हिंदुस्थानांतील कारागिरांचें कापड पाहून तेथील जाणते लोक चकित झाले. रस्किन या लेखकानें १८५३ सालीं बजावलें कीं, कामकऱ्याचें डोकें बांधून नुसते हात राबविले तर माणूसही मरतो आणि कामही मरतें.

विल्यम मॉरिस यानें हें करून दाखविलें. त्यानें १८६१ सालीं सोबत्यांसह दुकान काढलें. घरचा श्रीमंत, पण नीळ व मंजिष्ठ यांच्या रंगांत स्वतः हात बुडवून तो रंगारीपण शिकला, मागावर बसला. नक्षी काढणारा व ती उठविणारा यांच्यांत उच्चनीच नसावें, घरांतली साधी वस्तूही उपयोगी आणि देखणी असावी, हें त्याचें म्हणणें. या विचाराच्या मंडळींनीं १८८७ सालीं संस्था स्थापिली. तिच्या प्रदर्शनांच्या यादींत वस्तूबरोबर ती करणाऱ्याचेंही नांव छापूं लागले. अडचण एकच झाली: हातचा माल महाग पडला, तो श्रीमंतांच्याच घरीं गेला. मॉरिसला हें बोंचत असे.

आतां मुंबईकडे या. सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीनें १८५७ सालीं निघालेल्या कलाशाळेंत लॉकवुड किपलिंग १८६५ सालीं शिक्षक म्हणून आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर त्यानें कष्टकरी शेतकरी कोरले. तीच आजची महात्मा जोतीबा फुले मंडई. बोरीबंदर स्टेशनावरील दगडी पानेंफुलें याच शाळेच्या विद्यार्थ्यांनीं घडविलीं. इमारत उभारणारे स्टीव्हन्स साहेब सर्वांस ठाऊक. छिन्नी धरणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत?

बेळगांवास जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड साहेबानें १८८० सालीं हिंदी कारागिरीवर ग्रंथ लिहून तिची तोंडभर स्तुति केली. पण बापाचाच धंदा मुलानें करावा, ही गांवगाड्याची वंशपरंपरा त्याला कलेची जननी वाटली. त्याच सुमारास, १८८३ सालीं, जोतीराव 'शेतकऱ्याचा असूड' लिहून विलायती मालानें आपले कारागीर कसे उपाशी पडले तें सांगत होते. साहेबाला कापड दिसलें, जोतीरावांना कोष्टी दिसला!

म्हणून मी हात जोडून म्हणतों, हात जातीनें घडत नाहीं, सरावानें घडतो. कुंभाराच्या मुलाला चाक आवडलें तर खुशाल फिरवूं द्या. नावडलें तर त्याला बांधूं नका. आणि वकिलाच्या मुलाला रंधा मारावासा वाटला तर त्यांत कमीपणा कसला?

आपल्याकडे चित्रकलेचा तास म्हणजे रिकामा तास, असें पालक मला सांगतात. तसें समजूं नका. मुलामुलींच्या हातीं पेन्सिल व कागद द्या. जो स्वतः नक्षी आंखतो, त्याला दुसऱ्याच्या आंखणीवर जन्मभर राबावें लागत नाहीं. घरांतील गोधडीची वीण मुलांना दाखवा आणि ती कोणी घातली तें नांवानिशीं सांगा. कारागिराचें नांव घेण्याची संवय आपल्या घरापासून लागूं द्या.