तिव्होलीची पाण्याची बाग



कामगार चळवळीतल्या माणसाने इटलीतल्या एका धर्माधिकाऱ्याच्या बागेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या पंपघरात आणि नगरवाचनालयात झाले. तरुणपणी राजवाडा दिसला की मी तोंड फिरवीत असे. गरिबाच्या घामावरची ही चैन, तिच्याकडे काय पाहायचे, असे मी सभांतून गर्जून सांगितलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी रोमला गेलो असता मधला एक दिवस मोकळा मिळाला आणि सोबत्यांनी मला ओढूनच तीसेक किलोमीटरवरच्या तिव्होली गावी नेले. तेथील व्हिला देस्ते पाहिल्यापासून माझ्या त्या जुन्या भाषणाला थोडी दुरुस्ती करावी लागली आहे.

ही बाग उभारणारा कार्डिनल इप्पोलितो देस्ते फेराराच्या सरदार घराण्यातला. पोप होण्याची त्याची फार इच्छा; ती काही पुरी झाली नाही. १५५० साली पोप तिसरा ज्युलियस याने त्याला तिव्होलीचा सुभेदार नेमले. राहायला मिळाला एक जुना मठ. मठाखाली उतार होता आणि त्या उतारावर लोकांची घरे आणि मळे होते. कार्डिनलने ती जमीन घेत घेत गावाचा एक भागच उठवला. गावकरी गप्प बसले नाहीत, त्यांनी दावे लावले. दावेही झाले आणि बागही झाली! धरणाखाली, रस्त्याखाली जमिनी गेलेल्या माणसांचे अर्ज मी लिहून दिलेले आहेत, त्यामुळे बागेच्या इतिहासातले हे पान मला पटकन उलटता येत नाही.

आराखडा पिर्रो लिगोरिओ याचा. हा गृहस्थ पुराणवस्तूंचा जाणकार. जवळच रोमन सम्राट हेड्रियनच्या वाड्याचे अवशेष आहेत, तेथे त्याने खोदकाम केले आणि तिथले संगमरवर व पुतळे नव्या वाड्याकडे व बागेकडे आले.

पण माझ्यासारख्या पंपघरातल्या माणसाला खिळवून ठेवले ते पाण्याने. अनिएने नदीचे पाणी गावाच्या पोटातून सुमारे ६०० मीटर लांबीचा बोगदा खणून आणले आहे. बागेत ५१ कारंजी, ३६४ फवारे, ६४ धबधबे आणि २२० कुंडे आहेत, आणि एवढ्या पसाऱ्यात पंप एकही नाही! वरच्या पाण्याची उंची हीच सारी शक्ती. जितके खाली उतरावे तितका पाण्याचा जोर वाढतो. उतार बोटभर चुकला तर पाणी साचेल नाही तर फुटेल. लिगोरिओने कागदावर रेघ ओढली हे खरे, पण ती रेघ अंधारात, खडकात, हातातल्या छिन्नीने उतरवली ती कोणी दुसऱ्यांनीच. चैन कार्डिनलची असेल. अक्कल मात्र त्या हातांचीही होती. तोंड फिरवून मी त्यांचाच अपमान करीत होतो, हे मला तेथे उभे राहिल्यावर समजले.

आणि ते वाद्य! दोघा फ्रेंच कारागिरांनी पाण्यावर वाजणारा ऑर्गन बसवला. पाणी वरून बंद कोठीत कोसळते, सोबत हवा ओढून नेते. कोंडलेली हवा दाबाने नळ्यांत शिरून सूर काढते, आणि पाण्यानेच फिरणारे खुंट्यांचे रूळ पट्ट्या दाबते. १५७२ साली पोप तेरावा ग्रेगरी ते ऐकायला आला. आत कोणी माणूस लपला असावा अशी त्याला शंका आली, असे सांगतात.

त्याच वर्षाअखेर कार्डिनल वारला. पुढे बर्निनीसारख्या नामवंतांनी थोडी भर घातली, पण अठराव्या शतकात वारसांचे लक्ष उडाले. पुतळे विकले गेले, नळ तुंबले, ऑर्गन मुका झाला. मालकी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग घराण्याकडे गेली. संगीतकार लिस्ट तेथे राहून गेला आणि १८७७ साली त्याने या कारंज्यांवर पियानोची रचना केली. पहिल्या महायुद्धानंतर वाडा इटालियन सरकारकडे आला, डागडुजी झाली आणि दारे सर्वांना उघडली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पुन्हा नासधूस, पुन्हा दुरुस्ती. ऑर्गन २००३ पासून परत वाजतो आहे.

मी गेलो त्या दिवशी शंभर कारंज्यांच्या लांबलचक ओळीत गुडघाभर बूट घातलेला एक माणूस वाकून काम करीत होता. त्या मुलखातल्या पाण्यात चुना फार; तो नळांच्या तोंडाशी थर धरतो आणि खरवडला नाही तर फवारा बसतो. भाषेची अडचण होती, पण मी खिशातून माझा जुना पाना काढल्यासारखी खूण केली आणि तो हसला. त्याने खरवडलेली एक खपली माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर जाड आहे, तिच्यातले थर एकावर एक मोजता येतात. ती मी येताना बरोबर आणली आहे. येथे टेबलावर ठेवतो, ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे.