तोफगाड्याचे गाव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या मंगल प्रसंगी तोफांविषयी बोलावे, ही कार्यवाहांची आज्ञा. आम्ही पडलो बी. ए.; उभी हयात केंद्र सरकारच्या हिशेबाच्या फायलींत गेली. समोर मात्र कारखान्यांत केस पांढरे केलेली मंडळी बसली आहेत. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

जबलपूरला संस्कारधानी म्हणतात, ते योग्यच. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांना येथे आणले ते कारखान्याच्या भोंग्याने. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. खमरियात वायुदलाचे बाँब आणि नौदलाचा दारूगोळाही तयार होतो. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या या गावाचे युद्धनौकेशीही नाते आहे.

पण आज बोलावयाचे ते गाड्याविषयी. तोफेची कीर्ती नळीला मिळते. वास्तविक गोळा पुढे सुटताच तितकाच हिसका मागे बसतो. पूर्वी अवघी तोफच मागे धावे. गोलंदाज ती ढकलून जागेवर आणीत आणि पुन्हा नेम धरीत. आधुनिक गाड्यावर नळी तेवढी मागे घसरते. तिच्याबरोबर दट्ट्या सरकतो, तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते, जोर तेथेच जिरतो आणि दाबलेला वायू नळीला पूर्वस्थळी आणून बसवितो. गाडा पाय रोवून उभा.

१९८६ च्या करारान्वये स्वीडनच्या ४१० बोफोर्स तोफा आल्या. त्या कराराचे कवित्व सर्वश्रुत आहे, तसाच त्यांचा १९९९ मधील कारगिलचा पराक्रमही. तोफांबरोबर आलेले आराखडे मात्र वर्षानुवर्षे पडून होते. त्यांच्याच आधारे जबलपुरात ‘धनुष’ उभी राहिली. तोंडाचा व्यास तोच, १५५ मिलिमीटर. पण नळी व्यासाच्या ३९ पटींऐवजी ४५ पट, म्हणजे सहा मीटरांची जवळजवळ सात. पल्ला ३८ किलोमीटरपर्यंत गेला. वेग वाढला की हिसकाही वाढतो, आणि तो सोसावयाचा गाड्याने! २०१३ च्या चाचण्यांत एक नळी फुटली. पुन्हा वर्षे गेली. अखेर ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा लष्कराच्या स्वाधीन झाल्या.

आमच्या शेजारी एक निवृत्त फिटर राहत. प्रजासत्ताक दिनाचे संचलन दूरदर्शनवर लागले की घरातील सारे नळीकडे पाहत. हे वाकून नळीखाली पाहत. काय पाहता, असे विचारले तर नुसते हसत. नोकरीत अंगवळणी पडलेले मौन पुढेही सुटले नाही. ते गेल्यावर मुलांना वडिलांचे काम एका शब्दात सांगता आले: ‘फॅक्टरीत होते.’

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्याचे बरेवाईट काळ ठरवील. आपली मुले पुण्या-बंगळुरास गेली, ती परतण्याची चिन्हे नाहीत. म्हणून मंडळाला एक विनंती. ग्रंथालयात एक वही ठेवावी. गोपनीय ते गोपनीयच राहो. परंतु कोण कोणत्या खात्यात होता, कोणाच्या हाताखाली शिकला, कानस कशी धरावी हे त्याला कोणी दाखविले, एवढे तरी तीत उतरावे. पहिल्या पानासाठी समोरच्या रांगेतील दोघा काकांना आम्ही आधीच गळ घातली आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.