रविवार कोणाचा?



गेटसभेत बोलणाऱ्या माणसाला चालकांनी या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल त्यांचे आभार. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा समाजमाध्यमांच्या या विषयाकडे आम्ही कामगाराच्या हिशेबानेच पाहणार.

हिशेब वेळेचा आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला एकेकाळी आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा वर्षे झगडून वर्षाकाठी 52 दिवस पदरात पडले. आता दुसरा हिशेब मांडा. घरी गेल्यावर रोज दोन तास मोबाईलवर गेले, तर वर्षाचे 730 तास होतात. आठ तासांच्या पाळीने भागा: 91 पाळ्या! दोन तास हा आकडा आम्ही हात राखून धरला आहे, हे समोरच्या तरुण मंडळींच्या हसण्यावरून कळतेच आहे.

ही तर करमणूक, तिला पाळी का म्हणता, असे कोणी विचारील. म्हणतो अशासाठी, की त्या वेळेतून माल निघतो आणि तो विकला जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचे 2023चे उत्पन्न सुमारे 135 अब्ज डॉलर होते. त्यातले शेकडा 97हून अधिक जाहिरातींचे. आपण काय पाहतो, बोट कुठे रेंगाळते, याची नोंद होते आणि त्या जोरावर आपल्या नजरेसमोरची जागा विकली जाते. मालक आहे, यंत्र आहे, नफा आहे. पगार तेवढा नाही.

या यंत्राला वंगण लागते ते मिरवण्याच्या हौसेचे. 2009 साली फेसबुकने 'लाईक'चे बटण आणले. केवढीशी गोष्ट! चारचौघांत बरे दिसावे ही इच्छा काही नवी नव्हे. ऋण काढून सण करणारे पूर्वीही होतेच. म्हणून तर सत्यशोधक समाजाने 1873 सालीच साधे, कमी खर्चाचे विवाह लावायला सुरुवात केली; लोखंडे त्याच समाजाचे. पण तेव्हा मिरवण्याचा दिवस वर्षातून एखादा येई, आणि तुलना शेजाऱ्याशी असे. त्याच्या घरचे खरेखोटे आपल्याला माहीत असे. आता रोजच लग्नघर, आणि शेजारी कोण, ते ठाऊक नाही.

पूर्वी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकार उभा राही. आता कर्ज देणारे ॲप खिशातच असते. 'शून्य टक्के व्याज' या बोलीत व्याज दुसऱ्या नावाने लपलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांना बजावले होते. पण हप्त्याची भाषा गोडच राहिली. आमच्याकडे बाविशीतला एक कंत्राटी मुलगा ओव्हरटाईम सोडत नाही. का, तर फोनचा हप्ता. उरलेला वेळ त्याच फोनवर जातो! संपाची चर्चा निघाली तेव्हा त्याने एवढेच विचारले, "संप किती दिवस चालेल? माझा पाच तारखेचा हप्ता आहे."

मोबाईल फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. युनियनचे निरोप व्हॉट्सॲपवरच जातात, आणि पूर्वी पत्रके वाटायला दोन दिवस लागत ते काम घटकेत होते.

आमच्या पतपेढीच्या पुढच्या सभेत, अशा मुलांची हप्त्याची कर्जे कमी व्याजाने फेडून घ्यावीत, हा विषय ठेवला आहे. जुने सभासद म्हणतात, "यांच्या चैनीसाठी आमच्या ठेवी कशाला?" त्यांचेही अगदीच खोटे नाही. पण त्या मुलाने ठरावाला हात वर करावा असे वाटत असेल, तर त्याची पाच तारीख आधी सोडवावी लागेल.